हायडन संथ होतो तेव्हा

बहिणीकडे एक जुना अपराइट पियानो आहे. पावसाळा लागला की दमट हवेने त्याच्या पट्ट्या जड होतात, एखादी दाबली की वर यायचं नाव घेत नाही. म्हणून बहीण त्याच्या पोटात, अगदी खालच्या बाजूला, एक लहान बल्ब दिवसरात्र जळता ठेवते. खोलीत अंधार असला की फटींतून पिवळा उजेड दिसतो. त्या संध्याकाळी माझी भाची तिथे बसून हायडन या अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकाराचा एक सोनाटा, म्हणजे दोनतीन भागांची (मूव्हमेंटची) पियानोची रचना, बसवत होती. पहिला भाग तिने झोकात वाजवला, बोटं मोकळी पडत होती, चेहराही खुलला होता. मग मधली संथ मूव्हमेंट आली आणि तिचे खांदे वर चढले. एक सूर वाजला की ती घाईघाईने पुढच्यावर झडप घालत होती. चारपाच ओळी झाल्यावर थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, एक सूर वाजवला की दुसरा येईपर्यंत मी काय करायचं असतं?"

बहीण तेवढ्यात गरम भजी घेऊन आली, पाऊस वाढला, मला निघायचं होतं आणि विषय तिथेच राहिला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला.

पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो. गायकाकडे श्वास असतो, व्हायोलिनवाल्याकडे गज, बासरीवाल्याकडे फुंकर; लावलेला सूर ते फुगवू शकतात, दाबू शकतात, मींडेने पुढच्या सुरापर्यंत नेऊन सोडू शकतात. पियानोवाल्याचं बोट पट्टीवर टेकलेलं असतं खरं, पण आतली हातोडी केव्हाच मागे गेलेली असते. तो सूर फार तर तोडता येतो, त्याचं आणखी काही करणं त्याच्या हातात उरलेलं नसतं. हायडनच्या वेळचा पियानो, म्हणजे फोर्टेपियानो, तर आणखी नाजूक: सगळी चौकट लाकडी, तारा बारीक, हातोड्या लहान आणि कातडं चढवलेल्या. आवाज स्वच्छ आणि बोलका, पण आयुष्य थोडं. अशा वाद्यासाठी हायडनने लांब लांब सुरांचे अडाजिओ, म्हणजे संथ मूव्हमेंट, लिहिले. ते वाजवणाऱ्याला विरत चाललेला सूर कान देऊन ऐकावा लागतो आणि त्याचा नेमका किती अंश शिल्लक असताना पुढचा सूर ठेवायचा ते ठरवावं लागतं. संथ मूव्हमेंट वाजवणारा माणूस बराचसा वेळ ऐकतच असतो.

माझं लहानपण मिरजेत गेलं, त्यामुळे संथ लय मला परकी कधीच नव्हती. सतारमेकर गल्लीतून जाताना रंधा मारलेल्या लाकडाचा वास यायचा, वाळलेले मोठे भोपळे दारात ठेवलेले असायचे, आणि आत कुणीतरी तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवत जवारी लावत बसलेला असायचा. एकच तार पुन्हा पुन्हा छेडायची, दोरा केसभर हलवायचा, पुन्हा छेडायची. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, त्यामुळे किराणा घराण्याचं गाणं आमच्या घरात जवळजवळ कुळाचारासारखं ऐकलं जायचं. वडील रेडिओवर बडा ख्याल लागला की दिवा मालवून आरामखुर्चीत बसत. विलंबित एकतालाचं एकेक आवर्तन मिनिटभर चालायचं. मी जमिनीवर पडून समेची वाट पाहायची. कधी वाट पाहता पाहता झोप लागायची आणि जाग यायची ती नेमकी समेवर, वडिलांच्या तोंडून निघालेल्या "वा"ने.

हायडनच्या संथ मूव्हमेंट पहिल्यांदा कानावर आल्या तेव्हा म्हणूनच लय ओळखीची वाटली आणि तरी काहीतरी उघडं पडल्यासारखं झालं. पुष्कळ दिवस नेमकं काय ते कळत नव्हतं. भाचीच्या प्रश्नावर विचार करताना ते लक्षात आलं: इथे तंबोरा नाही. आपल्याकडे गवई कितीही थांबला, दोन स्वरांमध्ये कितीही जागा सोडली, तरी ती जागा रिकामी नसते. मागे षड्ज-पंचम चालूच असतात. गवयाला पाठ टेकायला भिंत असते आणि श्रोत्यालाही असते. हायडन थांबतो तेव्हा सगळंच थांबतं. मागे कुणी नसतं. त्या शांततेला धरून ठेवतं ते एवढंच, की आधी वाजलेल्या सुरावलीने आपल्या मनात पुढच्याची अपेक्षा तयार केलेली असते. सुरांची मांडणी अशी असते की ती कुठेतरी टेकायला निघालेली आहे हे कानाला समजतं, आणि हायडन टेकण्याच्या एक पाऊल अलीकडे हात उचलतो. ती पोकळी मग आपण, ऐकणारे, आपल्याच अपेक्षेवर तोलून धरतो. आमच्याकडे बडा ख्याल आधी आणि द्रुत नंतर, हायडनकडे बहुधा आधी एक चपळ मूव्हमेंट होते आणि मग अचानक बसायला सांगतात, यामुळेही ते थांबणं जास्त बोचतं.

या उघड्या शांततेत इतका वेळ उभा राहायला तो कुठे शिकला असेल?

हायडनचा जन्म 1732 चा, ऑस्ट्रियातल्या रोराऊ गावचा. बाप गाडीची चाकं बनवणारा. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, पण हार्पवर गाणी वाजवायचा. 1761 पासून हायडन एस्टरहाझी या हंगेरीतल्या श्रीमंत सरदार घराण्याच्या चाकरीत होता. करारात गणवेश होता, पांढरे मोजे होते, आणि लिहिलेलं संगीत मालकाच्या परवानगीशिवाय बाहेर द्यायचं नाही असं कलम होतं, ते 1779 च्या नव्या करारात गेलं. राजे निकोलाउस यांनी हंगेरीच्या दलदलीच्या मुलखात एस्टरहाझा नावाचा भव्य राजवाडा उठवला होता आणि वर्षातला मोठा काळ सगळा लवाजमा तिथे असायचा. ऑपेरा, कळसूत्री बाहुल्यांचं नाट्यगृह, बागा, सगळं काही. व्हिएन्ना मात्र लांब. जगापासून तोडला गेल्यामुळे मला स्वतंत्र होण्यावाचून गत्यंतर नव्हतं, असं हायडनने म्हातारपणी आपल्या चरित्रकाराला सांगितलं. हे वाक्य हायडनविषयीच्या प्रत्येक लेखात येतं आणि नेहमी अभिमानाने येतं. मला त्यातला "तोडला गेल्यामुळे" हा भाग जास्त ऐकू येतो.

कारण त्याची 1790 च्या फेब्रुवारीतली पत्रं वाचायला मिळतात. व्हिएन्नात काही दिवस राहून, मोठ्या सुखात, तो एस्टरहाझाला परतला होता. परत आल्यावर त्याने लिहिलं की मी माझ्या रानात बसलो आहे, टाकून दिलेल्या अनाथ पोरासारखा, माणसांचा सहवास जवळजवळ नाही, झालेल्या सुंदर दिवसांच्या आठवणीच काय त्या आहेत. तीन दिवस आपण संगीतप्रमुख आहोत की नोकर हेच त्याला उमगेना. घर विस्कटलेलं, पियानो बिघडलेला. रात्री स्वप्नात मोट्झार्टचा 'फिगारो' हा ऑपेरा ऐकत होता, तर उत्तरेच्या वाऱ्याने जाग आणली आणि डोक्यावरची टोपी उडवून न्यायची बाकी ठेवली. त्या वेळी तो अठ्ठावन्नाच्या घरात होता. युरोपभर त्याचं संगीत छापलं जात होतं, वाजवलं जात होतं. आणि तो वाऱ्याला शिव्या देत अंथरुणात बसला होता.

हे पत्र ज्या बाईंना लिहिलं त्या मारिया आना फॉन गेन्झिंगर, व्हिएन्नातल्या एका डॉक्टरांच्या पत्नी. डॉक्टर एस्टरहाझींचे वैद्य होते. बाई स्वतः उत्तम पियानो वाजवायच्या. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला 1789 च्या जूनमध्ये, आणि सुरू कसा झाला ते मला फार आवडतं. बाईंनी हायडनच्या एका संथ मूव्हमेंटवरून, एका अँडान्टेवरून, पियानोसाठी स्वतः रूपांतर केलं आणि चुका असतील तर दुरुस्त करून द्या म्हणून त्याच्याकडे पाठवलं. म्हणजे इतर वाद्यांनी धरून ठेवलेले लांब सूर तिने आपल्या घरच्या, लवकर विरणाऱ्या वाद्यावर उतरवले होते. हायडनने मनापासून कौतुक केलं. त्याचं स्वतःचं लग्न सुखाचं नव्हतं, बायकोला संगीताची गोडी नव्हती. त्याचा अडाजिओ कुठे थांबतो आणि का, हे जिला विचारता येईल आणि सांगता येईल अशी एक बाई आता त्याला भेटली होती.

1790 च्या जूनमध्ये त्याने तिच्यासाठी ई फ्लॅट मेजरमधला, म्हणजे आपल्या भाषेत काळी दोनमधला, एक सोनाटा पाठवला. त्यातला अडाजिओ अगदी नवा आहे असं कळवलं. त्या अडाजिओची शिफारस त्याने वेगळी केली: त्यात पुष्कळ अर्थ आहे, संधी मिळेल तेव्हा तो तुम्हाला उलगडून सांगेन, जरा अवघड आहे, पण भावनेने भरलेला आहे. पुढे हळहळही आहे, की तुमच्याकडे शान्झ यांनी बनवलेला फोर्टेपियानो असता तर परिणाम दुप्पट झाला असता. शान्झ हा त्या वेळचा व्हिएन्नातला नामांकित कारागीर, त्याच्या वाद्यांचा हात हलका. मला हे वाचून भाची आठवली. वाद्य बदललं तर सूर किती वेळ टिकेल, आणि सूर किती टिकेल त्यावर त्या अर्थाचं काय होईल, याची काळजी हायडन पत्रातून करत होता.

हा अडाजिओ सुरू होतो तेव्हा निर्धास्त वाटतो. सूर मोजके, प्रत्येकाभोवती मोकळी हवा, एखादी नाजूक मुरकी. पुन्हा येतो तेव्हा तेच वाक्य थोडं वेगळ्या अलंकारांनी सजलेलं. मग मध्येच खाली अंधार उघडतो. उजळ मेजर सुटून उदास मायनर येतं, आतल्या आत काहीतरी अखंड हलायला लागतं, आणि एक हात दुसऱ्या हातावरून पलीकडे जाऊन सूर उचलतो, परत येतो, पुन्हा जातो. खालचा खर्ज आणि वरची हाक एकाच हाताची. गेन्झिंगरबाईंना हे जड गेलं. त्यांनी लिहिलं की सोनाटा फार आवडला, पण हात ओलांडण्याची मला सवय नाही, तेवढी जागा बदलता आली तर बरं, मात्र सौंदर्याला बाध येत नसेल तरच. आज छापलेल्या प्रतींत हात ओलांडणं जसंच्या तसं आहे. मी भाचीच्या मागे उभी राहून ते पाहिलंय. डावा हात उजव्यावरून जातो तेव्हा क्षणभर मनगटाला मनगट लागतं. जो सूर तो पलीकडे जाऊन वाजवतो त्यासाठी सबंध हाताला प्रवास करावा लागतो, आणि तेवढा वेळ मागचा सूर एकटा विरत असतो. त्यात जो अर्थ होता तो हायडनने बाईंना उलगडून सांगितला की नाही याची नोंद कुठे नाही. सांगितला नसला तरी त्या हाताच्या जाण्यायेण्यात तो ऐकू येतो असं मला वाटतं.

लोकांच्या मनातला हायडन हा नाही. लोकांचा हायडन म्हणजे पापा हायडन, हसरा, खट्याळ, सगळ्यांचा लाडका. 94 व्या सिंफनीत सगळे पेंगलेत असं पाहून एकदम ढोल वाजवणारा. तो धक्का बसतो तोही संथ मूव्हमेंटमध्येच, आणि झोपलेल्यांना उठवायला तो ठेवला होता हे खरं नाही. 1792 साली लंडनमध्ये त्याचाच शिष्य प्लेयेल समोर स्पर्धेला उभा होता, तेव्हा काहीतरी नवं देऊन लोकांना चकित करायचं होतं, असं हायडनने स्वतःच सांगितलंय. त्याआधी 1791 च्या मार्चमधल्या पहिल्या मैफलीत लंडनच्या श्रोत्यांनी त्याची संथ मूव्हमेंट पुन्हा वाजवायला लावली होती. झोपणारे श्रोते असं करत नाहीत. हायडनचा खट्याळपणा खराच आहे, मलाही त्याच्या वेगवान फिनालेंनी, म्हणजे शेवटच्या मूव्हमेंटनी, कितीदा कंटाळवाण्या दुपारी तारलंय, पण तो खट्याळपणा वाजवून झाला की लोक उठून जातात आणि मधली पंधरा पानं न उघडता राहतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि सात अडाजिओ ओळीने लिहिणारा माणूस विनोदी लेखक म्हणून कसा काय ओळखला जातो?

स्पेनच्या नैऋत्य किनाऱ्यावर काडिझ नावाचं बंदर आहे. तिथल्या सांता क्वेवा या उपासनागृहासाठी, गुड फ्रायडेच्या विधीसाठी, हायडनकडे मागणी आली. येशूने क्रूसावर उच्चारलेली सात वाक्यं, त्या प्रत्येकावर एकेक संगीतखंड. विधी कसा व्हायचा त्याचं वर्णन हायडनने 1801 च्या छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेत दिलंय. भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकलेले. मध्यभागी छतातून लोंबणारा एकच मोठा दिवा. भर दुपारी सगळे दरवाजे बंद व्हायचे. धर्मगुरू व्यासपीठावर चढून एक वाक्य उच्चारायचा, त्यावर निरूपण करायचा, मग खाली येऊन वेदीपुढे गुडघे टेकायचा, आणि तो गुडघ्यांवर असेपर्यंत संगीत. पुन्हा वर, दुसरं वाक्य. असं सात वेळा. हायडन लिहितो की सुमारे दहा दहा मिनिटांचे सात अडाजिओ एकापाठोपाठ एक, आणि तेही ऐकणारा शिणणार नाही असे, लिहिणं सोपं नव्हतं. आरंभाचा भागही संथच. सगळं संपल्यावर शेवटी भूकंप, तेवढाच वेगवान. पूर्ण झालं 1787 च्या सुमारास, आणि त्याच वर्षी स्ट्रिंग क्वार्टेटसाठीचं, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीचं, रूप छापलं गेलं. मी बहुतेक वेळा तेच ऐकते. चार माणसं, मागे आधाराला कुणी नाही.

गुड फ्रायडेच्या सुट्टीला आमच्या गल्लीत दुपारी सामसूम असते. खिडक्यांचे पडदे ओढून मी ते लावते. माझी ती श्रद्धा नाही, मला त्या वाक्यांवर निरूपण ऐकायचं नसतं, आणि तरी त्या काळ्या कापडाच्या आत जावंसं वाटतं. खरं सांगायचं तर तिसऱ्या खंडापर्यंत मन चुळबुळ करायला लागतं. हात फोनकडे जातो. सातही खंड संथ, लार्गो, ग्रावे, ग्रावे, लार्गो, अडाजिओ, लेंटो, लार्गो, अशी नुसती नावं वाचली तरी दम लागेल. हायडनला हे माहीत होतं, त्याने ते आधीच लिहून ठेवलंय. म्हणून तो प्रत्येक खंडात हवा बदलतो. पहिल्या व्हायोलिनची सुरावट त्या लॅटिन वाक्याच्या अक्षरांवर बसवलेली आहे, वाद्य ते वाक्य न उच्चारता म्हणतं. दुसरा खंड मायनरच्या दुःखात सुरू होतो, पण वाक्य स्वर्गाच्या वचनाचं आहे, आणि पुढे तीच सुरावट मेजरमध्ये येते. काही उजळलं आहे हे आधी पाठीच्या कण्याला कळतं.

पाचव्या खंडाचं वाक्य आहे, "मला तहान लागली आहे." इथे बाकीची वाद्यं गज खाली ठेवतात आणि बोटाने तारा छेडतात. थेंब पडावेत तसे कोरडे, सुटे आवाज, आणि त्यांच्यावर व्हायोलिनची खाली उतरणारी दोनतीन सुरांची हाक. पाण्याचा आवाज आहे आणि पाणी नाही. मग मध्येच चारही वाद्यं गज घेऊन तुटून पडतात, तेच तेच सूर कर्कश आपटत राहतात, आणि पुन्हा थेंब. मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं ते वडिलांच्या शेवटच्या आजारपणानंतरच्या वर्षी. त्यांना तोंडाने पाणी द्यायची मनाई होती. ओल्या कापसाने ओठ पुसायचे एवढंच. कापूस ओठांना लागला की ते तो चोखायचा प्रयत्न करायचे, आणि मी तो काढून घ्यायची, कारण तसंच सांगितलं होतं. त्या खोलीतली शांतता मला विलंबित ख्यालात कधी सापडली नव्हती. तंबोरा तिथे सोबत करतो. इथे, या पाचव्या खंडात, दोन थेंबांच्या मधल्या जागेत सोबत नाही, आणि म्हणून ती जागा खरी वाटली.

सहावा खंड पाच सुरांनी उघडतो. सगळी वाद्यं एकसुरात, मोठ्याने, एकेक सूर अख्ख्या मात्रांचा. "पूर्ण झालं." त्यातल्या प्रत्येक सुरानंतर पुढचा कुठे पडणार हे ठाऊक असूनही छातीत काहीतरी आवळतं. सातव्यात तारांवर आवाज दबवणारे म्यूट चढतात आणि आवाज आतल्या खोलीतून आल्यासारखा होतो. मग भूकंप, दोनएक मिनिटांचा. मला तो कधीच पटला नाही. इतक्या वेळानंतर सगळं हलवून सोडणं विधीला हवं असेल, पण सातव्या खंडानंतर मी बरेचदा बंद करते.

या सगळ्यात सुंदर कोणतं असं कुणी विचारलं तर मात्र मी आणखी पुढे जाते, ओपस 76 या संचातल्या पाचव्या क्वार्टेटकडे. 1797 च्या आसपासचं, छापलं गेलं 1799 मध्ये. तोवर हायडन दोनदा लंडन गाजवून आला होता. क्वार्टेट आहे पांढरी दोनमध्ये, डी मेजर, व्हायोलिनला सगळ्यात सोयीची पट्टी. आणि त्यातली लार्गो आहे थेट काळी तीनमध्ये, एफ शार्प मेजर. व्हायोलिनच्या, व्हायोलाच्या, चेलोच्या खुल्या तारांपैकी एकही सूर त्या पट्टीत बसत नाही. प्रत्येक सूर बोटाने दाबूनच काढायचा, आणि तो वाजताना शेजारच्या मोकळ्या तारा आपणहून गुंजत नाहीत. ज्याने सतारीच्या तरफा ऐकल्यात त्याला हे चटकन कळेल: तरफा काढून टाकलेली सतार. हायडनने ही पट्टी जाणूनबुजून घेतली असणार, चाळीस वर्षं क्वार्टेट लिहिणाऱ्याला हे न कळता होत नाही. वर त्याने लिहिलंय, गाऊन वाजवा आणि उदास वाजवा. मेजर आहे, दुःखाची खूण म्हणावी तसं मायनर नाही, आणि तरी सगळ्यावर पातळ पडदा. मध्ये व्हायोला आणि चेलो ती सुरावट घेऊन इतक्या दूरच्या प्रदेशात जातात की परतीची वाट उरली नाही असं वाटतं. परत येतात. आल्यावर तेच वाक्य पुन्हा, जवळजवळ तसंच. एरवी मी बंदिशीचा मुखडा परत आला की सुखावते. इथे मुखडा परत येतो तेव्हा डोळे भरून येतात, आणि नेमकं कशाने ते मला आजही धरता येत नाही.

गेन्झिंगरबाई 1793 च्या जानेवारीत वारल्या. हायडन तेव्हा व्हिएन्नातच होता, पहिला लंडन दौरा आटोपून आलेला. त्याच वर्षी त्याने पियानोसाठी एफ मायनरमध्ये एक संथ रचना लिहिली, एक सुरावट मायनरमध्ये, एक मेजरमध्ये, आळीपाळीने बदलत जाणाऱ्या. तिला त्याने नाव दिलं "छोटं मनोरंजन". बाईंच्या मृत्यूशी तिचा संबंध आहे असा तर्क अभ्यासक करतात. पुरावा नाही, अर्पण दुसऱ्याच नावाने आहे. मला त्या शेवटाकडे पाहिलं की तर्क करायचा मोह होतोच. सगळं शिस्तीत चाललेलं असतं आणि अखेरीस सुरावट मोडते, हात पट्ट्यांवरून सैरभैर धावतात, आवाज चढत जातो, आणि मग सुरुवातीचा तोच ठेका तुटक तुटक उरतो. मध्ये मोकळ्या जागा. प्रत्येक जागा आधीच्यापेक्षा थोडी मोठी वाटते.

1803 मध्ये हायडनने आणखी एक क्वार्टेट लिहायला घेतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात व्हिएन्नातल्या एका रुग्णालयाच्या मदतीसाठी त्याने आपली सात वाक्यं चालवली, आणि पुन्हा कधी लोकांसमोर वाद्यवृंद चालवला नाही. क्वार्टेटचे दोनच भाग झाले, मधले दोन: एक अँडान्टे आणि एक मिन्युएट, म्हणजे नाचाच्या ठेक्याचा भाग. डोकं साथ देईना. पहिली वेगवान मूव्हमेंट आणि शेवटची वेगवान मूव्हमेंट त्याला लिहिता आली नाही. 1806 मध्ये ते तसंच छापलं, आणि शेवटी त्याने आपलं भेटीचं कार्ड जोडलं, त्याच्याच एका गाण्यातली ओळ असलेलं: माझी सारी शक्ती गेली, मी म्हातारा आणि दुबळा झालो आहे. मैफलीत हे क्वार्टेट क्वचित लावतात, अर्धवट म्हणून, किंवा लावलं तर जोडीला म्हणून कुठेतरी मध्ये टाकतात. माझ्या मते ते कार्यक्रमाच्या अगदी आरंभी ठेवावं. लोक नुकते येऊन बसलेले असतात, रस्त्यावरचा गोंगाट अजून कानात असतो, आणि थेट अँडान्टे सुरू होतो, बसवून घ्यायला आधी कोणतीही चपळ मूव्हमेंट नसताना. पहिल्या वाक्यानंतरच्या थांब्यात सगळ्या सभागृहाला एकदम ऐकावं लागेल. मी भाचीला पुढच्या वेळी पियानो बाजूला ठेवून हेच ऐकवणार आहे, दोनदा, मिन्युएटसकट.